झाडीतून की बाहेरून?

बडवाणीपर्यंत नर्मदा परिक्रमावासीला वाटेचा फारसा विचार करावा लागत नाही. ओंकारेश्वरला संकल्प सोडायचा, कढाई आणि कन्यापूजन करायचं, नर्मदेचं पाणी लहानशा बाटलीत भरून घ्यायचं आणि दक्षिण तटानं पश्चिमेकडे चालू लागायचं. मैया उजव्या हाताला ठेवायची. ती डावीकडे दिसायला लागली तर आपलं काहीतरी चुकलं, एवढं भान पुरतं. निमाडातली कापसाची, मिरचीची, केळीची शेतं, थोड्या थोड्या अंतरावर आश्रम, सकाळी बालभोग, दुपारी भोजनप्रसादी, संध्याकाळी कुठल्याशा धर्मशाळेच्या ओट्यावर आसन. असे आठ-दहा दिवस जातात, बडवाणी येते आणि शेजारी आसन लावलेला माणूस पाय चोळता चोळता विचारतो, "झाडी से जाओगे या बाहर से?"

या प्रश्नाचं उत्तर बडवाणीत शोधायला गेलं की फसगत होते. निघायची तारीख, पाठीवरचं ओझं, पायातले बूट, पिशवीतला शिधा, घरी सांगून ठेवायचा निरोप, हे सगळं त्या उत्तरावर अवलंबून असतं, आणि बडवाणीत यातलं फारसं काही बदलता येत नाही. म्हणून ते घरीच, नकाशा पसरून ठरवलेलं बरं.

झाडी म्हणजे शूलपाणीची झाडी. बडवाणीच्या पुढे सातपुडा नदीला येऊन भिडतो. पलीकडून विंध्याच्या रांगा तितक्याच जवळ येतात आणि नर्मदा त्यांच्या मधल्या घळीतून वाहते. या पट्ट्यात मध्य प्रदेश, महाराष्ट्र आणि गुजरात एकमेकांना लागतात. नर्मदेची लांबी १३१२ किलोमीटर धरतात. त्यातले १०७७ किलोमीटर मध्य प्रदेशातले आणि १६१ गुजरातमधले. उरलेले ७४ आपल्या वाट्याचे, तेही निम्मेच, कारण तिथे नदी सीमेवरून वाहते: ३५ किलोमीटर मध्य प्रदेशाशी, ३९ गुजरातशी. हा नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांचा काठ. मराठी परिक्रमावासी ओंकारेश्वर, महेश्वर, अमरकंटक डोळे भरून पाहून येतात, आणि स्वतःच्या राज्यातला काठ बहुतेकांचा राहून जातो.

राहतो, कारण बाहेरची वाट सोपी आहे. बडवाणीहून खेतिया, शहादा, प्रकाशा, तळोदा, अक्कलकुवा, डेडियापाडा, राजपिपळा. सगळा डांबरी रस्ता, मोठी गावं, दवाखाने, दुकानं, मराठी बोलणारी माणसं आणि मनापासून सेवा करणारी घरं. तिला नावं ठेवायचं कारण नाही. फक्त नकाशावर एकदा बोट फिरवून पाहा. ही वाट सातपुडा ओलांडून त्याच्या दक्षिणेला उतरते. प्रकाशाला तुम्ही ज्या काठावर मुक्काम करता ती नदी तापी. नर्मदेच्या परिक्रमेला निघालेला माणूस काही दिवस तापीच्या खोऱ्यात चालत असतो आणि त्याची मैया मधल्या सगळ्या डोंगरांच्या पलीकडे असते. शास्त्रानं यात काही बिघडत नाही, ती उजवीकडेच राहते. ज्याला ही गोष्ट चालत नाही त्यानं झाडीचा विचार करावा.

गो. नी. दांडेकरांच्या 'कुणा एकाची भ्रमणगाथा'पासून जगन्नाथ कुंटे यांच्या 'नर्मदे हर हर!'पर्यंत आणि भारती ठाकूर यांच्या परिक्रमेच्या पुस्तकापर्यंत, मराठी वाचकानं ही नदी आधी कागदावर पाहिलेली असते. ही पुस्तकं जरूर वाचावीत. वाट शोधायला मात्र ती वापरू नयेत. निदान ती चाल कोणत्या वर्षीची हे पाहिल्याशिवाय तरी नाही. सरदार सरोवर धरणाची उंची १३८.६८ मीटरपर्यंत गेली, २०१७ साली त्याचं लोकार्पण झालं आणि २०१९ च्या पावसाळ्यात जलाशय पहिल्यांदा काठोकाठ भरला. जुन्या वर्णनांतली पाण्यालगतची पायवाट, वाळूचे पट्टे, काठावरची देवळं त्या फुगवट्याखाली गेली. महाराष्ट्रातली ३३ गावं बुडिताच्या यादीत होती, मणिबेली त्यात सर्वांत आधी. शूलपाणेश्वराचं जुनं देऊळही त्याच परिसरात होतं. ते पाण्यात आहे, नवं गोऱ्याला, जिथे झाडी संपते, उभं आहे. आजची झाडीतली वाट म्हणजे वरच्या उतारांवरून पाड्यापाड्यांना जोडत जाणारी वाट. नदी कधी खाली निळी चमकते, कधी दिवसभर दिसत नाही.

आता तारखांचं गणित.

पूर्ण परिक्रमेचं अंतर लोक वेगवेगळं सांगतात, कारण प्रत्येकाची वाट वेगळी असते. नदीच्या लांबीची दुप्पट केली तर २६०० होतात. धरणांच्या जलाशयांना घातलेले वळसे धरून ३००० किलोमीटर मनात ठेवावेत. रोज सरासरी २० किलोमीटर चाललं तर १५० दिवस, आठवड्याला एक विसावा धरला तर आणखी एकवीस-बावीस. म्हणजे साडेपाच महिने. शास्त्रोक्त मुदत ३ वर्षं, ३ महिने, १३ दिवसांची, आणि तशी करणारे आजही भेटतात. नोकरीतून रजा काढून आलेल्यांचा हिशेब मात्र साडेपाच महिन्यांचाच असतो. चातुर्मासात परिक्रमावासी चालत नाही. आषाढी एकादशीला जिथे असेल तिथे थांबतो आणि कार्तिकीनंतर पुन्हा उठतो. तेव्हा निघण्याचा मुहूर्त कार्तिकी एकादशीनंतरचा, ढोबळमानानं नोव्हेंबरचा मध्य. तिथून साडेपाच महिने मोजले की मेचा पहिला आठवडा येतो.

म्हणजे कोणाला तरी, कुठे तरी ऊन भेटणारच. ते कुठे भेटावं हे सुरुवातीच्या ठिकाणावरून ठरतं. ओंकारेश्वरहून निघालात तर झाडी डिसेंबरच्या सुरुवातीला येते, समुद्र डिसेंबरच्या शेवटी आणि अमरकंटक होळीच्या आसपास. हे सगळं सुखाचं. परत येताना मात्र नर्मदापुरम, हंडिया आणि पुढे इंदिरा सागराचा वळसा एप्रिलमध्ये येतो. हा जलाशय ९१३ चौरस किलोमीटरचा आहे. हरसूद गाव २००४ साली त्याच्याच पोटात गेलं. खंडव्याकडच्या एप्रिलच्या उन्हात, जिथे नदीच दिसत नाही अशा आडरानात हा वळसा पायाखाली घालायचा, तोही शेवटच्या पंधरवड्यात, शरीर थकलेलं असताना. उलट अमरकंटकहून दक्षिण तटानं निघालात तर झाडी जानेवारीच्या शेवटी किंवा फेब्रुवारीत येते आणि शेवट मंडल्याच्या पुढच्या साल-वनांत, चढत्या उंचीवर होतो. हवामानाचा विचार केला तर मला हा दुसरा मार्ग उजवा वाटतो. पण महाराष्ट्रातून खंडव्याला रेल्वेनं सहज पोचता येतं आणि अमरकंटकसाठी पेंड्रा रोडपर्यंत जावं लागतं, म्हणून आपल्याकडचे बहुतेक जण ओंकारेश्वरच धरतात. सोय जिंकते, दुसरं काही नाही.

झाडीपुरतं बोलायचं तर डिसेंबर चांगला. नाल्यांना पाणी असतं, मका-ज्वारी घरात आलेली असते, सागाची पानं अजून झाडावर असल्यानं सावली मिळते. तोटे दोन. गवत कमरेएवढं असतं आणि त्यात पायवाट हरवते, आणि दिवस लहान असतो. सात वाजता उजाडतं, पावणेसहाला सूर्य जातो, पण डोंगराच्या कुशीत उजेड त्याआधीच संपतो. रात्री थंडी अशी असते की निमाडात पुरलेलं पांघरूण इथे पुरत नाही.

मैदानात ताशी चार किलोमीटर ही चाल कोणालाही जमते. झाडीत तो हिशेब सोडून द्यावा. सातपुड्याच्या सोंडा नदीकडे उतरत जातात आणि वाट त्यांना आडवी कापते, म्हणजे एक धार चढायची, पलीकडे नाल्यात उतरायचं, पुन्हा धार. दिवसाला बारा-पंधरा किलोमीटर झाले तरी खूप. बडवाणी ते गोरा हे अंतर आठ दिवसांत होईल, दहा धरावेत. त्यातले महाराष्ट्रातले टप्पे साधारणपणे भादलच्या अलीकडे-पलीकडे सुरू होतात आणि धडगावकडे येतात. धडगाव हे अक्राणीचं तालुक्याचं ठिकाण, झाडीतला एकमेव खरा बाजार. तिथे बँक, औषधाचं दुकान, ग्रामीण रुग्णालय, चपला शिवणारा, सगळं मिळतं. म्हणून दहा दिवसांची आखणी 'बडवाणी ते धडगाव' आणि 'धडगाव ते गोरा' अशा दोन तुकड्यांत करावी. शिधा पहिल्या तुकड्यापुरता बडवाणीत घ्यावा आणि दुसऱ्यापुरता धडगावात.

वाट विचारण्याचं एक शास्त्र आहे आणि ते मी चार तास चुकल्यावर शिकलो. "हा रस्ता भादलला जातो ना?" असं विचारलं की उत्तर 'हो' असंच येतं. समोरच्याला तुम्हाला नाही म्हणून दुखवायचं नसतं, आणि डोंगरातला कुठलाही रस्ता शेवटी कुठेतरी जातोच. विचारावं ते असं: "भादलला कुठून जायचं?" मग हात वर होतो आणि दिशा कळते. दुसरं, लांबच्या गावाचं नाव घेऊ नये, पुढच्या पाड्याचं घ्यावं. तिसरं, इथली गावं घाटावरच्या गावांसारखी एका जागी नसतात. भिल्ल आणि पावरा घरं ज्याच्या त्याच्या शेतात, टेकडीटेकडीवर असतात. गावाचं पहिलं घर लागल्यावर 'पोचलो' म्हणून हुश्श करावं, तर शाळा तिथून तासभर पुढे असते. त्यामुळे मुक्कामाचं ठिकाण ठरवताना गावाचं नाव पुरत नाही. कुठला पाडा आणि कुठलं घर किंवा शाळा, हे आदल्या मुक्कामावरच विचारून घ्यावं. किलोमीटरही विचारू नयेत. 'बस दो किलोमीटर' याचा अर्थ अर्ध्या तासापासून अडीच तासांपर्यंत काहीही होऊ शकतो.

मोबाइलचा नकाशा उतरवून ठेवावा, पण त्याला परिक्रमेचे नियम माहीत नसतात हे विसरू नये. तो जवळचा रस्ता शोधतो, आणि जवळचा रस्ता पुष्कळदा पुलावरून पलीकडे जाऊन पुन्हा अलीकडे येतो. नर्मदा ओलांडली की परिक्रमा खंडित. यंत्राच्या भरवशावर पुलाच्या मध्यापर्यंत जाऊन भानावर आलेले लोक मला ठाऊक आहेत. झाडीत तर बहुतेक ठिकाणी मोबाइलला रेंजच नसते. त्यामुळे धडगावहून घरी एकदा नीट फोन करावा, पुढचा फोन साधारण कधी येईल ते सांगावं आणि त्यात तीन दिवसांची सूट ठेवावी. नाहीतर पाचव्या दिवशी घरचे पोलिसांत जातात.

ओलांडण्याच्या नियमाबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण नवखे इथेच गोंधळतात. मुख्य नदी ओलांडायची नाही, होडीतही बसायचं नाही. अपवाद एकच, समुद्राच्या मुखाशी. ओंकारेश्वरचं बेट दोन प्रवाहांच्या मध्ये असल्यानं मांधात्यावरच्या देवळात परिक्रमा पूर्ण झाल्यावरच जायचं, तोवर काठावरच्या ममलेश्वराचं दर्शन. उपनद्या ओलांडाव्याच लागतात, त्याला कोणाची हरकत नाही. आता प्रश्न कालव्यांचा. नर्मदेचं पाणी सरदार सरोवराच्या मुख्य कालव्यानं कच्छकडे आणि राजस्थानात जातं, निमाडात इंदिरा सागराचे आणि ओंकारेश्वरचे कालवे आहेत. पाणी तेच, मग कालवा ओलांडायचा की नाही? कडक अर्थ लावला तर आज परिक्रमा कोणालाच करता येणार नाही. वाळवंटापर्यंत वळसा घालावा लागेल. तेव्हा कालवा ओलांडून पुढे जावं आणि या वादात मुक्कामाची झोप घालवू नये. झाडीत मोह असतो तो वेगळाच. फुगवट्याच्या पाण्यावर बार्जेस आणि लाँचेस चालतात, आणि दोन दिवसांची चढण पाण्यावरून दोन तासांत उरकेल असं खालचा नावाडी प्रेमानं सांगतो. त्याला 'नर्मदे हर' म्हणून चढायला लागावं. जीवावरचं आजारपण असेल तर मात्र होडी, जीप, जे मिळेल ते घ्यावं. या भागात आरोग्य खात्याचे तरंगते दवाखानेही चालत आले आहेत, ते पाण्यावरूनच पाड्यांपर्यंत जातात. परिक्रमा पुढच्या कार्तिकात पुन्हा उचलता येते.

आणि आता जेवणाचं. झाडीची आखणी इथे बाहेरच्या वाटेपेक्षा मुळातूनच वेगळी होते.

बाकी सगळ्या काठावर परिक्रमावासी सेवेवर चालतो. आश्रमात शिरल्यावर पहिला प्रश्न येतो, "कितने मूर्ति?" माणसं मोजायची ती मूर्ती म्हणून. जेवण तयार नसेल तर सदावर्त मिळतं: कणीक, डाळ, मीठ, मिरची, कधी तूप-गूळ. तीन दगडांची चूल मांडायची आणि आपलं आपण करून खायचं. ही व्यवस्था पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे, तिच्यामागे देवस्थानं आहेत, व्यापारी आहेत, सुपीक निमाड-माळव्यातले मोठे शेतकरी आहेत. तिथे पोटभर खाताना संकोच वाटायचं कारण नाही.

झाडीत असे आश्रम मोजके. काही साधूंचे आहेत, काही स्थानिक तरुणांनी घराच्या पडवीत सुरू केलेले. मधल्या टप्प्यांत शाळेचा व्हरांडा, आश्रमशाळा, नर्मदा बचाओ आंदोलनानं सुरू केलेल्या जीवनशाळा, किंवा सरळ कोणाचं तरी घर. जो तुम्हाला मक्याची भाकरी आणि उडदाची डाळ वाढतो त्याच्या शेताला पाणी नाही, उताराची जमीन आहे, कदाचित घरच्या जमिनीचा चांगला तुकडा धरणाखाली गेलेला आहे, आणि कोठीतला मका पुढच्या पिकापर्यंत पुरवायचा आहे. तो सांगणार नाही. उलट तुम्ही जेवल्याशिवाय निघालात तर त्याला वाईट वाटेल. म्हणून माणशी दोन दिवसांचा कोरडा शिधा जवळ असावा. तांदूळ, तूरडाळ, मीठ, गूळ, चहा-साखर, फुटाणे, सगळं मिळून दीड-दोन किलो. घरी गेल्यावर तो सरळ त्या घरच्या आजीच्या हातात द्यावा, "आई, हे सगळ्यांसाठी," म्हणून. मग ती जे शिजवेल ते एकत्र बसून खावं. पैसे पुढे केले की माणसं अवघडतात. शिधा घेताना अवघडत नाहीत.

म्हणूनच झाडीत जथा नेऊ नये. दोघं-तिघं ठीक, चौघं म्हणजे हद्द झाली. पंचवीस जणांचा गट बाहेरच्या रस्त्यानं जावा. एका पाड्यावर पंचवीस मूर्ती उतरल्या की सेवा कसली, ती वसुली होते. जुने कपडे भरून नेण्याचा आणि मुलांना गोळ्या वाटत जाण्याचा उत्साहही घरी ठेवून यावा. मागून येणाऱ्या प्रत्येकापुढे मग हात पसरले जातात, आणि त्या सवयीला आपणच जबाबदार असतो.

जुन्या परिक्रमावासींच्या तोंडी झाडीची ओळख वेगळी होती: लुटण्याची जागा. तिथल्या भिल्लांना सगळे 'मामा' म्हणायचे, मैयाचे भाऊ म्हणून. मामा अंगावरच्या लंगोटीपर्यंत सगळं काढून घेत, आणि असं लुटलं जाणं हा परिक्रमेतला वैराग्याचा धडा मानला जाई. मला त्या धड्यापेक्षा लुटणाऱ्याच्या रिकाम्या पोटाचा विचार जास्त पटतो. जंगलावरचा हक्क गेलेला, पीक न आलेलं, आणि समोरून दान-धान्याची झोळी घेतलेला माणूस चाललेला. आज ती भीती उरलेली नाही. ज्या पाड्यांच्या नावानं लोक धसका घेत तिथली पोरं आता 'नर्मदे हर!' ओरडत पाण्याचा तांब्या घेऊन धावत येतात. भीती बाळगायचीच तर अस्वलाची बाळगावी. गुजरातच्या बाजूला शूलपाणेश्वर अभयारण्य लागतं, सुमारे ६०० चौरस किलोमीटरचं. तिथे उजाडायच्या आत आणि दिवेलागणीनंतर चालायचं नाही, एवढा नियम पाळला तर सहसा कोणी कोणाच्या वाटेला जात नाही. बाकीच्या वाटेवरही दुपारी चार वाजले की पुढचा विचार सोडून असाल तिथेच आसन लावावं.

ओझ्याचा आकडा सात किलो, पाणी आणि शिधा धरून अकरा. मी तेरा किलो घेऊन निघालो होतो आणि चौथ्याच दिवशी खरगोन जिल्ह्यातल्या एका टपाल कार्यालयातून पाच किलोचं पार्सल घरी पाठवलं. त्यात काय होतं? जाडजूड स्वेटर, दोन पुस्तकं, जास्तीचे दोन पोशाख, चाकूंचा संच. यांतलं एकही पुढे आठवलं नाही. दोन पांढरे पोशाख, एक घोंगडी किंवा हलकी पिशवीवजा गोधडी, अंथरायला प्लास्टिकचा कागद, ताट-वाटी, दोरी, विजेरी, चार्जिंगची बॅटरी, सुई-दोरा, काडेपेटी, मच्छरदाणी नसली तर निदान मलम. औषधांत जलसंजीवनी, ताप आणि जुलाबाच्या गोळ्या, जांघेत घासलं तर लावायची पावडर, क्रेप बँडेज. आधार कार्ड, आणि ओंकारेश्वरला नोंद करून मिळणारा परिक्रमावासीचा कागद. त्यावर मुक्कामी शिक्के घेत गेलात तर अनोळखी गावात ओळख पटवायला उपयोगी पडतो. रोकड थोडी, दहा-वीसच्या नोटांत. पैशाला हात न लावता परिक्रमा करणारे आहेत आणि त्यांच्याबद्दल आदर आहे, पण ज्यानं आयुष्यात कधी उपाशी झोपायचा प्रसंग पाहिलेला नाही त्यानं तो प्रयोग झाडीत करू नये. यजमानाला त्याचा भुर्दंड पडतो.

बूट एक नंबर मोठे. दिवसभर चालून पाय सुजतात, आणि झाडीतल्या उतारांवर अंगठा पुढे आपटून नख काळं पडतं. ते बूट निघण्याआधी किमान दीडशे-दोनशे किलोमीटर वापरलेले असावेत. अनवाणी चालण्याची सक्ती कुठल्याही शास्त्रात नाही. हाती दंड मात्र हवाच, साधा बांबूचा, छातीपर्यंत उंच. उतरताना गुडघ्यांचा भार तो घेतो, नाल्यात खोली मोजतो आणि पाड्यावरच्या कुत्र्यांशी बोलणीही तोच करतो. तयारी म्हणून सिंहगड एकदा चढून आलो यावर समाधान मानू नये. सलग तीन दिवस, भरलेली पाठपिशवी घेऊन, रोज पंधरा किलोमीटर चालून पाहावं. पहिला दिवस कोणालाही जमतो, खरं काय ते तिसऱ्या सकाळी उठताना कळतं. चैत्रात तिलकवाडा-रामपुऱ्याची उत्तरवाहिनी परिक्रमा एका दिवसात होते. ती रंगीत तालीम म्हणून सुचवली जाते, पण ती गर्दीची आणि सपाटीची. झाडीचा अंदाज तीतून येणार नाही.

पाण्याच्या बाबतीत एकच गोष्ट लक्षात ठेवावी. फुगवट्याचं पाणी म्हणजे वाहती नदी नव्हे, साचलेला तलाव. भक्तीनं आचमन करा, पण पिण्यासाठी हातपंप किंवा वरून येणारा झरा पाहा, आणि शंका आली तर उकळा किंवा क्लोरीनचा थेंब टाका. दोन लिटर कायम भरलेले हवेत, कारण धारेवर चढून गेल्यावर पाणी खालीच राहिलेलं असतं, दिसत असलं तरी.

बायकांनी झाडीतून जावं का, असं अजून विचारलं जातं. जातात. सोबत मात्र असावी, पण ती पुरुषांनाही असावी. गुडघ्याचं दुखणं जुनं असेल, रक्तदाब औषधानंही आटोक्यात नसेल, किंवा सुट्टी मोजून घेतलेली असून दोन दिवसांचा उशीरही परवडणार नसेल, तर बाहेरची वाट धरावी आणि त्याची चुटपुट लावून घेऊ नये. शहाद्या-तळोद्यात जेवण उत्तम मिळतं.

झाडी संपते ती फार अचानक. आठ-दहा दिवस पाड्यांवरचा धूर आणि सागाची पानं पाहिल्यावर गोऱ्याला उतरावं तर खाली धरण, त्याच्यापुढे १८२ मीटरचा पुतळा, बसगाड्यांच्या रांगा आणि छत्र्या घेतलेले पर्यटक. नव्या शूलपाणेश्वराला जलाभिषेक करावा, उरलेला शिधा तिथल्या सदावर्तात द्यावा, एक दिवस पाय पसरून पडावं. पुढचा काठ सपाट आहे, वस्तीचा आहे. समुद्रापर्यंत आठवडाभर पुरतो.

त्या विश्रांतीच्या दिवशी एक चौकशी सुरू करायची: होडीची. विमलेश्वर-कठपोरच्या किनाऱ्यावरून पलीकडे मिठी तलाईला नेणारी होडी घड्याळावर सुटत नाही, भरतीवर सुटते. खंबातच्या आखातातली भरती-ओहोटी देशात सर्वांत मोठी. ओहोटीला होडी चिखलात बसते आणि माणसं तिच्यात. भरतीची वेळ रोज पाऊण तासाहून थोडी जास्त पुढे सरकते, त्यामुळे कधी पहाटे तीनला बोलावणं येतं, कधी भर दुपारी. कोकणातल्यांना तिथीच्या पाऊणपटीचा हिशेब ठाऊक असतो, पण तो इथे जसाच्या तसा लावू नये. आखातात पाणी वर चढायला आणखी काही तास घेतं. होडीवाल्यांकडे नावं आधी नोंदवावी लागतात, आणि गर्दी असली तर दोन दोन दिवस वाळूवर थांबावं लागतं. तेवढ्यासाठी एखादं जास्तीचं पांघरूण मिळालं तर घ्यावं. तिथे रात्री वारा येतो.